अंगणात ऑर्किड लावताय? आधी मातीचं घमेलं बाजूला ठेवा

माझं पहिलं ऑर्किड मीच मारलं. तीनशे रुपयांना आणलेलं जांभळं डेंड्रोबियम, जास्वंद लावावी तसं लाल माती आणि शेणखतात दाबून दाबून लावलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यालाही घालत राहिले. नर्सरीवाल्यानेच सांगितलं होतं ना, रोज पाणी घाला म्हणून. महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली, मग बुडाकडून काळं. उपटून बघितलं तर मुळांवरची साल बोटात धरली की सरकन निघून यायची, ओली चिकट, आणि आत नुसता दोऱ्यासारखा धागा उरायचा. एवढा घाणेरडा वास की कुंडी गडग्यापलीकडे नेऊन रिकामी केली.

नंतर कळलं की पाणी एकवेळ चाललं असतं, माती चालली नाही. आपण आणतो त्यातली बहुतेक ऑर्किडं रानात झाडावर राहणारी. फांदीला मुळं घट्ट चिकटवायची, पाऊस आला की चिंब भिजायचं, वारा आला की सुकायचं, परत पाऊस. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखा एक जाड थर असतो, व्हेलामेन म्हणतात त्याला, तो पाणी झटकन ओढून घेतो आणि मग त्याला हवा लागते. मातीत दाबलं की ती हवाच बंद. हे नुसतं वाचून पटत नाही, एकदा बघाच, वांडा नावाच्या ऑर्किडाच्या लोंबत्या मुळावर ओंजळभर पाणी टाका आणि तिथेच उभं राहा. सुकं असताना चंदेरी पांढरं दिसणारं मूळ तुमच्या डोळ्यांदेखत ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवं होत जातं. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा खेळ. मूळ चंदेरी म्हणजे तहान लागलीय, हिरवं म्हणजे आत्ता नको, तपकिरी आणि दाबल्यावर पिचकणारं म्हणजे मेलंय. पहिलं वर्षभर फुलांकडे बघूच नका, मुळं बघायला शिका, बाकी जे काय खाली लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीच्या मागेपुढे आहे.

आमच्याकडे रत्नागिरीकडे हवा एवढी दमट की ऑर्किड घरात ठेवायची गरजच नाही, बाहेरच जास्त सुखात राहतं. घरात पंख्याखाली आणि टीव्हीच्या बाजूला ठेवलेलं ऑर्किड फार तर शोभेचं, वाढत नाही. पण मी आंब्याच्या खोडाला पहिलं रोप बांधलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या आंब्यावर बांडगूळ कशाला चढवतेस गो?" हा समज सगळीकडे आहे म्हणून सांगते, बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचं पाणी आणि खनिजं ओढतं, ऑर्किड झाडाकडून काहीच घेत नाही, ते फक्त बसतं, एसटीत सीट पकडून बसल्यासारखं. गंमत म्हणजे वांडा हे नावच संस्कृतातल्या वंदा शब्दावरून आलंय आणि वंदा म्हणजे झाडावर वाढणारं परकं झाड, म्हणजे जुन्या लोकांनीही दोघांना एकाच पिशवीत भरलेलं. सासूबाईंना मी मागच्या फणसावरची सीतेची वेणी दाखवली, मे-जूनमध्ये खाली लोंबणारे ते पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांचे गजरे. त्या लहानपणापासून बघत होत्या पण हे ऑर्किड आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आसामचं राज्यफूल तेच, तिकडे बिहूला बायका केसात माळतात.

आता सीतेची वेणी बघितली की हात शिवशिवतात, पण रानातून ओरबाडून आणू नका. एक तर सगळं ऑर्किड कुळच साइटीस या, रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि दुसरं म्हणजे ही झाडं एका जागी बसायला वर्षानुवर्षं घेतात. शेंगेत बी धुळीसारखं लाखोंनी असतं पण त्या बियांत खायला काहीच साठा नसतो, ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. ओढून आणलेल्याची मुळं खोडावरच तुटून राहतात आणि घरी आणलेलं बहुतेक वेळा मरतंच. वादळात आपल्याच परड्यातली फांदी पडली आणि तिच्यावर रोप असेल तर फांदीच्या तुकड्यासकट दुसऱ्या झाडाला बांधा, तेवढं पुरे.

कुठलं घ्यायचं

कोकण, गोवा, मुंबई-ठाणे या पट्ट्यात राहत असाल तर डोळे मिटून डेंड्रोबियम घ्या. उसाच्या कांड्यांसारखी खोडं, टोकाला फुलांचा दांडा, हे पाऊस, ऊन, थोडी हयगय सगळं सहन करतं. माझ्याकडे आठ कुंड्या आहेत आणि वर्षात असा महिना जात नाही की एकावरही फूल नाही. दुसरं म्हणजे ग्राउंड ऑर्किड, स्पॅथोग्लॉटिस. हे ऑर्किड खरंच जमिनीतलं, पानं नारळाच्या कोवळ्या रोपासारखी घड्या पडलेली, फुलं जांभळी, गुलाबी, पिवळी. माती हवीच वाटत असेल तर हे लावा, माती अर्धी, वाळू आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे अर्धे, पाणी न तुंबणारी जागा, झालं. फक्त कोंबड्या असतील तर उंचावर, आमच्या कोंबड्यांनी दोनदा उकरून काढलंय.

वांडा दिसायला राजा, निळ्या-जांभळ्या फुलांना तर तोड नाही, पण त्याला कुंडीच नसते, प्लास्टिकच्या जाळीच्या टोपलीत उघडी मुळं लोंबतात आणि उन्हाळ्यात रोज भिजवावी लागतात. ज्यांना चार दिवस गावाला जायचं असतं त्यांनी पहिल्या वर्षी वांडाच्या नादी लागू नये. फॅलेनॉप्सिस, ते मोठ्या फुलपाखरासारखं, लग्नाच्या स्टेजवर असतं ते, बाहेर चालतं पण पडवीत, सावलीत, डोक्यावर पाऊस न पडेल असं. आणि सिंबिडियम कोकणात घेऊच नका, सांगून ठेवते. दार्जिलिंग-सिक्कीमकडून फुललेलं येतं, फुलं दोन महिने टिकतात, मग पुढची पाच वर्षं तुम्ही गवताला पाणी घालता. त्याला फुलायला थंड रात्री लागतात आणि त्या आपल्याकडे नाहीत.

नर्सरीत गेलात की फुलांकडे पाठ करा. तीन-चार जाडजूड कांडी, बुडाशी एक तरी नवा कोंब, हलवल्यावर रोप कुंडीत डगमगत नाही, पानांच्या मागे पांढरा कापूस नाही, एवढं बघा. फुललेलं आणि न फुललेलं शेजारी शेजारी असेल तर न फुललेलं पण कोंबवालं घ्या, स्वस्तही पडतं. घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. मी हे केलं नव्हतं एकदा, पिठ्या ढेकूण सगळ्या कुंड्यांत फिरला आणि पुढचे तीन महिने मी कापसाचा बोळा घेऊन बसले होते.

कोळसा, विटा आणि सोडण

आणलेलं रोप बहुतेक वेळा कोकोपीटच्या गच्च गोळ्यात किंवा स्पंजच्या तुकड्यात असतं. वरून सुकं दिसतं, आत बोट घातलं तर गार आणि ओलं. पावसाळ्यात हा गोळाच रोप मारतो. फुलं असतील तर ती संपू द्या, मग फेब्रुवारी ते मे या काळात, नव्या कोंबाला मुळं फुटायला लागली की बदला. पोपटी टोकाची, अर्ध्या-एक बोटाएवढी मुळं दिसली की तीच वेळ. ती टोकं काचेसारखी तुटतात, तेव्हा मुलांना लांब पाठवा.

भरायला काय, तर लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो, लिंबाएवढे तुकडे, धुऊन. बार्बेक्यूचे तयार ठोकळे नकोत, पेटायला बरं म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं. विटा रात्रभर भिजवून ठेवा, नाहीतर पहिले चार दिवस सगळं पाणी त्याच पितात. सोडणाचे दोन बोटं रुंद तुकडे करून आठवडाभर बादलीत भिजवा, रोज पाणी बदला, पहिले दोन-तीन दिवस चहासारखं पाणी निघतं ते सगळं जायला पाहिजे. प्रमाण जागेवर ठरतं. आमच्याकडे मी नव्वद टक्के कोळसा-विटा आणि नावाला सोडण घालते कारण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. माझी नणंद पुण्यात कोथरूडला राहते, तिकडे पाऊस याच्या पाव भागही नाही आणि उन्हाळ्यात हवा कोरडी ठाक, तिने माझं बघून नुसता कोळसा भरला आणि एप्रिलमध्ये तिची कांडी सुरकुतून काडेचिराइतासारखी झाली. ती आता अर्धं सोडण घालते, झाड मजेत आहे. म्हणून कोणी छातीठोकपणे एकच मिश्रण सांगितलं तर आधी विचारा, तुम्ही राहता कुठे.

कुंडी लहानच घ्यायची. हे सगळ्यांना उलटं वाटतं, मोठी कुंडी म्हणजे मोठं झाड असं आपल्या डोक्यात बसलंय. इथे मोठी कुंडी म्हणजे मधे न सुकणारा ओला गाभा. चार-पाच इंची, बाजूलाही भोकं असलेली खापराची उत्तम, नाहीतर प्लास्टिकच्या कुंडीला तापवलेल्या सळईने भोकं पाडा, मी तेच करते. मेलेली मुळं कापून टाका, जुनी कांडी कडेला आणि नवा कोंब मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवा, कारण झाड त्याच दिशेने पुढे चालत जाणार आहे. कोंबाचं बूड कोळशाच्या वर दिसलं पाहिजे, पुरायचं नाही. मग काठीला बांधा, अगदी हलू नये इतकं, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळं घासून घासून तुटतात. पहिले पाच-सहा दिवस सावलीत, नुसता फवारा.

ऊन

फूल येत नाही अशी तक्रार असेल तर मी आधी विचारते की पान कुठल्या रंगाचं आहे. गर्द हिरवी, मऊ, लांबलचक पानं फोटोत छान दिसतात पण ते झाड अंधारात आहे. पोपटी, जरा कडक पान म्हणजे बरोबर. पिवळट होऊन मधे पांढुरका-तपकिरी डाग पडला म्हणजे भाजलं. डेंड्रोबियमला सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत थेट चालतं, नंतर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा झाडाची विरळ सावली. फॅलेनॉप्सिसला थेट ऊन नकोच. वांडा डेंड्रोबियमच्या जवळपास, थोडं जास्तही. काही जाती तर भर उन्हातल्या असतात, सिंगापूरने १९८१ साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेलं मिस जोआकिम तिकडे उघड्यावर काठ्यांवर चढवून वाढवतात.

मे महिन्याच्या उन्हाला आपण सगळे घाबरतो आणि झाडं आत घेतो, पण माझी जास्त झाडं भाजलीत ती ऑक्टोबरमध्ये. चार महिने ढगाखाली कोवळी पानं वाढलेली असतात, हस्त संपतो, आभाळ एकदम मोकळं होतं आणि दोन दुपारींत पानांवर इस्त्रीचा डाग पडल्यासारखा डाग. तेव्हा सप्टेंबर संपता संपता शेडनेट परत ताणायची, कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुपारी दोन वाजता पानाला हात लावून बघायची सवय ठेवा, गरम लागलं तर जागा बदला.

पाणी

सकाळीच घालायचं, दिवसभरात सुकायला वेळ मिळतो. मार्च ते मे डेंड्रोबियमला रोज किंवा एक दिवसाआड, थंडीत तीन दिवसांनी, पण दिवस मोजण्यापेक्षा कुंडी उचलून बघा, हलकी लागली की घाला, घालताना पेलाभर नाही, खालून धो धो वाहून जाईपर्यंत. वांडाची टोपली उन्हाळ्यात सकाळी बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, तोपर्यंत चहा होतो. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरं मीठ चढतं, मग पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा, त्याच्यासारखं पाणी नाही. आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, काटकसर म्हणून बरेच जण घालतात आणि मग टोकं काळी का पडली विचारतात.

पुण्या-नाशिकसारख्या कोरड्या हवेत संध्याकाळी झाडाखालची फरशी ओली करा, दोन-चार पाणी भरलेली घमेली कुंड्यांच्या खाली ठेवा, कुंडी पाण्याला टेकणार नाही अशी. झाडावर सारखे फवारे मारण्यापेक्षा हे बरं.

पावसाळा, म्हणजे खरी परीक्षा

कोळशातलं डेंड्रोबियम आणि टोपलीतला वांडा मी चारही महिने उघड्यावर ठेवते. लोक घाबरतात, पण पाऊस कितीही पडू दे, पाणी थांबलं नाही आणि वारा खेळला तर काही होत नाही. मुळं या दिवसांत जेवढी वाढतात तेवढी वर्षभरात कधी वाढत नाहीत. धोका पागोळीचा. कौलावरून एका धारेत पडणारं पाणी नेमकं झाडाच्या गाभ्यात पडत राहिलं की दोन आठवड्यांत मधलं पान ओढल्याबरोबर हातात येतं. वांडा आणि फॅलेनॉप्सिसला वाढायला गाभा एकच, तो कुजला की झाड जवळजवळ संपलं, नशीब असेल तर बाजूने पिल्लू येतं. म्हणून फॅलेनॉप्सिसची कुंडी मी पडवीत तिरकी टांगते, पान खाली झुकलेलं, म्हणजे शिंतोडा आला तरी ओघळून जातो. तशीही ती रानात झाडाला आडवीच वाढते.

काळा, ओला, कडेने पिवळसर आणि रोज मोठा होणारा डाग दिसला की त्याच दिवशी कापायचा, उद्या नको. नवीन ब्लेड किंवा गॅसवर तापवलेली सुरी, डागाच्या पुढे बोटभर निरोगी भागातून काप, कापावर दालचिनीची पूड किंवा बुरशीनाशक पावडर, चार दिवस पाणी बंद. दालचिनी फक्त कापावर हां, मुळांवर पडली तर चांगली मुळंही सुकवते. मी पहिल्या वर्षी एकाच कात्रीने सगळ्या कुंड्या साफ करत गेले, न धुता, आणि एका झाडाची कूज मी स्वतःच्या हाताने चार झाडांना वाटली. अजून एक, आमच्याकडे सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारतातच, घरात तयार असतं म्हणून डेंड्रोबियमवर मारू नका. त्यातलं तांबं या झाडांना सोसत नाही, पानं आणि कळ्या जळतात.

आणि गोगलगायी. त्या रात्री येतात, कोवळी मुळांची टोकं आणि कळ्या खातात, सकाळी फक्त चकाकणारी रेघ दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारा आणि हाताने वेचा, कुंड्या उचलून बुडं बघा, दिवसा त्या तिथे लपलेल्या असतात. त्यांच्यावर मीठ टाकायचं तर वेगळ्या डब्यात, कुंडीत नाही.

पावसाळ्यात पाणी घालायचं नाही हे इतकं डोक्यात बसतं की ऑगस्टमध्ये आठ दिवसांची उघडीप पडली तरी आपण हलत नाही, आणि टोपलीतल्या वांडाची खालची पानं सुरकुततात. उघडीप तिसऱ्या दिवसावर गेली की वांडाला पाणी.

कीड, आणि वांदर

मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजा वर कुठेतरी पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बसलीय, मुंग्या तिच्या गोडासाठी येतात. थोडी असेल तर कापसाचा बोळा मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, कांड्यांवरची सुकी साल काढून आत बघा, तिथेच सापडते. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्याने परत. उन्हात मारलं तर तेलाने पान भाजतं.

वांदरांवर मात्र माझ्याकडे औषध नाही. गेल्या जानेवारीत माझ्या निळ्या वांडाला पहिल्यांदा दांडा आला, अकरा कळ्या मी रोज मोजत होते, पाहुण्यांना दाखवत होते, आणि एका सकाळी पाच-सहा वांदर आले, एकाने तो दांडा शेवग्याची शेंग ओरबाडावी तसा ओढला, दोन कळ्या चघळल्या आणि आवडलं नाही म्हणून थुंकून टाकला. खाल्लं असतं तरी वाईट वाटलं नसतं एवढं. आता दांडा दिसला की टोपली पडवीच्या आत, जाळीमागे. ज्यांच्याकडे वांदरांचा त्रास आहे त्यांनी फुलं यायच्या आधीच ही जागा ठरवून ठेवा.

खत

कमी द्या. एवढंच सांगितलं तरी पुरे पण लोकांना आकडा हवा असतो, तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, पाच लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग. सुक्या मुळावर खत घातलं की टोकं जळतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवा. मुसळधार पावसात देऊ नका, सगळं गटारात जातं. शेणखत, गांडूळखत कोळशाच्या फटी बुजवतं. आणि केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, अंड्याची टरफलं, उरलेला चहा हे सगळं मी करून बघितलंय, मुंग्या खूप आल्या, फुलं आली नाहीत.

फुलं गेल्यावर

डेंड्रोबियमची फुलं महिना-सव्वा महिना टिकतात, फॅलेनॉप्सिसची दोन-तीन महिनेही. दांडा पूर्ण सुकला की कापा. पण पानं गळालेली जुनी कांडी कापू नका, ती मेलेली नसते, तिच्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, त्यावर नवा कोंब वाढतो आणि कित्येकदा त्याच जुन्या कांडीच्या टोकाला परत दांडा येतो. माझ्या शेजारणीने साफसफाई म्हणून सगळी पान नसलेली कांडी छाटली आणि झाड वर्षभर रुसलं. कांडी पोकळ, पिवळी, कागदासारखी झाली तरच काढायची.

कधीकधी जुन्या कांडीवर मधेच छोटं रोप येतं, मुळांसकट, त्याला केकी म्हणतात, हवाई बेटांवरच्या भाषेत केकी म्हणजे मूल. आम्ही पिल्लूच म्हणतो. मुळं दोन-तीन इंच झाली की कांडीच्या तुकड्यासकट कापून छोट्या कुंडीत लावा. घाई केली तर जगत नाही, मी एक इंचावर तोडलेली तिन्ही गेली. आणि झाडावर खूपच पिल्लं यायला लागली, फूल एकही नाही, तर खुश होऊ नका, ऊन कमी पडतंय किंवा मुळं कुजतायत, झाड घाबरून पिल्लं काढतंय.

झाडावर चढवायचं असेल तर

हे मला सगळ्यात आवडतं, कुंडीची कटकटच नाही. आंबा, फणस, चिकू, खरबरीत सालीचं कुठलंही चांगलं. पेरू नको, त्याची साल सोलून पडते, सालीबरोबर ऑर्किडही खाली येतं. नीलगिरीचंही तेच. माझी लाडकी जागा देवचाफा, पावसाळ्यात पानांची सावली असते आणि थंडीत पानं झडून नेमकं हवं तेव्हा ऊन मिळतं. गर्द आंब्याच्या पोटात बांधू नका, बाहेरच्या बाजूला, पूर्वेकडे.

वेळ मे महिन्याचा शेवट, मृग लागायच्या आठ-दहा दिवस आधी. कुंडीतून काढलेलं रोप खोडाला टेकवायचं, मुळं पसरायची, मागे सोडणाचा एक पातळ तुकडा दिला तर चालतो, आणि जुन्या सुती साडीची पट्टी फाडून घट्ट बांधायचं. तांब्याची तार अजिबात नको, वर सांगितलंच. दोन फांद्यांच्या बेचक्यात बसवू नका, तिथे पाला आणि पाणी साठतं. पाऊस सुरू होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, पुढे पावसाचं काम पाऊस करतो. गणपतीपर्यंत पांढरी मुळं सालीवर पालीच्या बोटांसारखी पसरलेली दिसतात, एक ओढून बघा, निघत नाही. साडीची पट्टी वर्ष-दीड वर्षात कुजून गळते तोवर तिची गरज संपलेली असते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मात्र रोज एक बादली त्या झाडाच्या नावाने काढावी लागते, तिसऱ्या वर्षी मी आठवड्यातून दोनदाच घालते.

शेवटचं एक, कुठलं झाड कधी आणलं, कधी कुंडी बदलली हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याची पट्टी कापा, भोक पाडून कुंडीला बांधा आणि त्यावर पेन्सिलने लिहा. मार्करचं एका पावसाळ्यात धुऊन जातं, पेन्सिलचं माझं चार वर्षांपूर्वीचं अजून वाचता येतंय.